मधल्या बोटाची शीर

निकितानं आईचा डावा हात मांडीवर उताणा घेतला आणि कोपरापासून मनगटापर्यंत बॉलपेननं रेघ ओढली. सोमवारी फिजिओथेरपीची तोंडी परीक्षा होती आणि नाशिकच्या होस्टेलवर हाताचे स्नायू काही केल्या डोक्यात शिरत नव्हते. म्हणून ती रविवारी सायखेड्याला आली होती.

"गुदगुल्या होत्यात गं," सिंधुबाई म्हणाल्या.

"हलू नको. बोटं वाकवणारे स्नायू हे इथे, कोपराजवळ. बोटात काहीच नसतं. इथून दोऱ्या जातात, त्या बोटं ओढतात. मूठ मिटव बरं."

बाकीची बोटं मिटली. मधलं ताठच राहिलं.

आठ वर्षं ते तसंच होतं, घरात आता कुणाचं लक्षही जात नसे. पण गेल्याच आठवड्यात सरांनी प्रेताच्या मनगटातली एक पांढरी दोरी चिमट्यानं ओढली होती, आणि मेलेलं बोट मुकाट वाकलं होतं. निकितानं आईच्या मनगटावरच्या जुन्या व्रणावर अंगठा ठेवला. नेमकी तीच जागा.

कांदे खांडताना, पात कापता कापता, आईच्या मनगटाला विळा लागला तेव्हा निकिता दहा वर्षांची. वडील बाजार समितीत, आई कळांनी अर्धमेली. दवाखान्यात सगळं निकितानंच सांगितलं. म्हणाली, शीर कापली. आता गावात रक्ताची तीही शीर, चमकते तीही शीर, आणि बोट ओढते तीही शीरच! बोटं हलतात का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर न बघताच हो म्हणून मोकळी झाली. तिला घरी जायचं होतं. डॉक्टर रक्ताचीच शीर समजले; त्यांनी रक्त थांबवलं, वरून टाके घातले आणि पाठवून दिलं.

"वांग्यानं घात केला बघ," सिंधुबाई बोटाकडे बघत म्हणाल्या. "टाके ओले व्हते आन् मी भरीत खाल्लं."

"वांग्यानं काही होत नसतं, आई." निकितानं पेन खाली ठेवलं. "आतली दोरी तुटली होती. तेव्हाच शिवली असती तर बोट वाकलं असतं. डॉक्टरांनी विचारलं होतं. मी खोटं बोलले."

सिंधुबाईंनी हात काढून घेतला नाही.

"दहा वर्साचं लेकरू तू. तुला काय कळतं?"

"तरी पण, आई."

"तुझा राग नाय गं." त्यांनी ताठ बोट दुसऱ्या हातानं दाबलं. "पर तुझ्या आजीनं मरस्तोवर ते भरीत काढून दाखवलं. पाव्हण्यांपुढं म्हणायची, जिभेच्या चोचल्यापायी हिनं हात घालवला. मी बी खाली मान घालून ऐकायची. मला बी खरंच वाटायचं."

निकितानं त्या व्रणावर पुन्हा अंगठा ठेवला.

"औंदाच्या चैतात गेली ती," सिंधुबाई म्हणाल्या. "तिच्या कानावर एवढं पडायला पायजे व्हतं."