काळ्या पट्टीखालची चीर

मी एक जुनी निळी मोटार बोलतेय. धावायची भीती मला कधीच वाटली नाही. मला भीती वाटते ती उभं राहण्याची.

कारखान्यातून माझ्यासारख्या कितीतरी बहिणी एकामागोमाग बाहेर पडल्या. माझ्या वाट्याला हे घर आलं. घरात बाबा, त्यांची सून, आणि बोटीवर नोकरीला असलेला मुलगा. हा मुलगा वर्षातले दोन महिने घरी असतो आणि उरलेले दहा महिने फोनवरून घर चालवतो.

बाबांच्या खिशात कायम काळ्या चिकटपट्टीचं रीळ असतं. चष्म्याची दांडी, छत्रीची मूठ, रेडिओची पाठ, काहीही तुटलं की त्याला बाबांची पट्टी. सून म्हणते, हे घर भिंतींवर नाही, पट्टीवर उभं आहे. बाबांना ही थट्टा मनापासून आवडते.

दोन वर्षांपूर्वी बाबांचं मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार मी त्यांना डायलिसिसला नेते. वाटेत रेल्वेचं फाटक लागतं.

महिन्याभरापूर्वी मला धाप लागायला लागली. रस्त्याला लागले की मी ठणठणीत. पण कुठं थांबले, सुनेने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की अंगात कापरं भरायचं आणि मी विझायचे. मागचे लोक भोंगे वाजवायचे. सून किल्ली फिरवायची आणि मी ओशाळून पुन्हा सुरू व्हायचे.

मग तो गुरुवार आला. पुढचा ट्रक रेंगाळला आणि मला नेमकं रुळांवर थांबावं लागलं. मी बंद पडले. त्याच वेळी फाटकाची घंटा वाजायला लागली. सुनेने एकदा किल्ली फिरवली, दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा तिचा हातच किल्लीवरून घसरला. फाटकवाला लाल निशाण घेऊन धावत आला, चार माणसांनी मला ढकललं. आगगाडी गेली तेव्हा मी पलीकडे होते, पण तिचा वारा माझ्या मागच्या काचेवर आदळला. मागच्या सीटवर बाबा दाराची मूठ घट्ट धरून बसले होते.

त्यानंतर सुनेने माझा धसकाच घेतला. थांबली तरी ती एका पायाने ब्रेक दाबायची आणि दुसऱ्याने मला गुरगुरत ठेवायची. आम्ही दोघी जीव मुठीत धरून फाटक ओलांडायचो.

एका गॅरेजवाल्याने माझे प्लग बदलले. दुसऱ्याने हवेची जाळी झटकली, आतली काजळी पुसली. दोघांचे हात माझ्या इंजिनाजवळच्या एका रबरी नळीपर्यंत आले होते. तिच्यावर काळी पट्टी दिसली, आणि इथं आधीच कुणीतरी काम केलंय असं समजून दोघेही पुढे सरकले. अरे, तिथंच दुखतंय, असं मी जिवाच्या आकांताने ओरडत होते. पण माझं ओरडणं म्हणजे माणसांना नुसती घरघर.

मुलाने फोनवरून निकाल दिला, भंगारात दे. भंगारवाला सोमवारी येणार असं ठरलं. माझं धाबं दणाणलं.

आज शनिवार. दवाखान्याच्या वाटेवर सुनेने मला पत्र्याच्या शेडमधल्या एका मिस्त्रीपुढे उभं केलं. एकदा शेवटचं बघा, एवढंच म्हणाली. या माणसाने काहीच उघडलं नाही. मला चालू ठेवून नुसता ऐकत राहिला.

"ताई, हल्ली ब्रेक कडक लागतो का?"

"लागतो. मला वाटलं, माझाच पाय दमलाय."

त्याने तिला ब्रेक दाबायला सांगितला. मी कण्हले आणि माझ्या पोटातून बारीक फुसफुस निघाली. इंजिनाकडून ब्रेककडे जाणारी ती नळी त्याने फडक्यात धरून पकडीने चिमटली. माझं कापरं थांबलं. सोडली, तशी मी पुन्हा लटपटले. मग त्याने सुकून सुटत आलेली पट्टी सोलली. खाली बोटभर चीर होती. तिथून फुकटची हवा आत शिरते, त्याने सांगितलं. पळताना ते खपून जातं, उभी राहिली की गुदमरते.

"ही पट्टी कुणी लावली?"

बाबांचा हात खिशातल्या रिळाकडे गेला.

"मी," बाबा म्हणाले. "दोन वर्षं झाली. सांगणार होतो, मग माझंच दुखणं निघालं आणि विसरलो." त्यांनी मान खाली घातली. "पण फाटकावर आठवलं होतं, पोरी. तुझा हात किल्लीवरून घसरला होता. तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही."

मिस्त्रीने नवी नळी बसवली. सुनेने हळूच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, आणि मी चालू राहिले.

आत्ता आम्ही फाटकापाशी आहोत. फाटक बंद आहे. तिने आरशातून बाबांकडे पाहिलं.

"आणखी कुठं पट्टी लावलीय, बाबा?"

बाबांनी डाव्या हाताची बाही वर सारली. डायलिसिसची सुई टोचतात तिथेच, कापसावर काळी पट्टी. बाजूची कातडी लाल, सुजलेली.

"परवापासून," ते म्हणाले. "तुझ्यामागे आधीच एवढं सगळं, म्हणून..."

सुनेने मागे वळून त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं.

आगगाडी अजून यायचीय. मी उभी आहे, आणि मला आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी भीती वाटतेय. भंगाराची नाही. नवी नळी घट्ट आहे ना, मी विझणार तर नाही ना, एवढीच. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात कुठं अशी पट्टी दिसली तर ती उचलून बघा. झाकणारा माणूस बहुतेक तुम्हालाच जपत असतो.

आगगाडी गेली. फाटक उघडतंय. तिने पाय ठेवला. बाबा, हात सांभाळा, मी निघाले.