निळ्या नावेची खबर

जहाजावर चार बंदूकवाले चढले, त्या दिवसापासून सारंगाला घास गोड लागेना. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. एकतीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. दोरखंड नुसता करकरला, तरी कुठला पीळ सुटतोय ते पाठमोरा उभा राहून सांगायचा. वादळाला तो कधी भ्यायला नव्हता, पण बंदुकीचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची.

त्याला कारणही तसंच होतं. त्याचा मामेभाऊ मासेमारीच्या नावेवर होता. दोन वर्षांपूर्वी एका मालवाहू जहाजावरच्या पहारेकऱ्यांना ती नाव चाच्यांची वाटली आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. भाऊ जिवानिशी सुटला, पण उजवा हात कोपरापासून गेला. ते जहाज थांबलंसुद्धा नाही. आता भाऊ घरी बसून डाव्या हाताने जाळी दुरुस्त करायला शिकत होता, आणि सारंगाला त्याच धंद्यातल्या चौघांच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसायचं होतं.

निघण्यापूर्वी बायकोचा फोन आला.

"अहो, यंदा बंदूकवाले आहेत ना सोबत? मग माझ्या जिवाला घोर नाही."

"हं."

"हं काय? मागच्या खेपेला तुम्ही त्या चाच्यांच्या पट्ट्यातून जात होतात, तेव्हा सहा दिवस माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तुमचं काय, तुम्ही आपले समुद्र बघत बसता."

तिला काय सांगणार? तिचंही चुकत नव्हतं. सारंगाने तिचा दुखरा गुडघा कसा आहे ते विचारलं आणि ती गुडघ्याबद्दल बोलायला लागल्यावर सुटकेचा निःश्वास सोडला.

पहारेकऱ्यांचा प्रमुख पन्नाशीचा, काटक अंगाचा, फौजेतून निवृत्त झालेला. सगळे त्याला सुभेदार म्हणायचे. बोलणं मोजकं. चहा मात्र स्वतःच्या हातचाच लागायचा, त्यामुळे जहाजाचा आचारी पहिल्याच दिवशी त्याच्यावर रुसला होता.

धोक्याच्या पट्ट्यात शिरण्यापूर्वी कठड्यांना काटेरी तारांची भेंडोळी बांधायची होती. ते काम सारंगाचं. हातमोजे घालून सुभेदार मदतीला आला. दोघं तार ओढू लागले.

"तुला आम्ही इथं नकोय," सुभेदार म्हणाला.

"नको-हवंचा प्रश्न नाही. जहाजं राखायचं काम आरमाराचं. भाड्याच्या बंदुका कशाला?"

"आरमाराची बोट पाच तासांवर असते. चाचे वीस मिनिटांत शिडी लावतात. मधल्या वेळात काय करायचं, ते सांग."

सारंगाने तारेला पीळ दिला आणि विचारलं, "आणि मधल्या वेळात एखादा पोटासाठी मासे मारणारा मेला, तर?"

सुभेदाराने भेंडोळ्याचं दुसरं टोक उचललं आणि पुढे सरकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला उजव्या अंगाला तीन होड्या दिसल्या. जहाज गव्हाने गच्च भरलेलं, पाण्यात खोल बसलेलं, चालायला मंद. होड्या थेट त्याच्या नाकासमोर यायला बघत होत्या, तेही भरधाव. भोंगा वाजला. खलाशांना ठरल्याप्रमाणे खाली, सुकाणूच्या यंत्राच्या खोलीत जायचं होतं. तिचं दार जाड पोलादाचं होतं आणि आतून बंद व्हायचं. सारंगाने आपली माणसं मोजून खाली धाडली. मग स्वतः मात्र शिडीने वर, जहाज चालवायच्या खोलीत गेला.

तिथे कप्तानबाई दुर्बिणीतून बघत होत्या. बाई चाळिशीच्या, आवाज इतका हळू की ऐकणाऱ्याला आपोआप गप्प व्हावं लागे. बाहेरच्या सज्जात सुभेदाराने बंदूक कठड्यावर टेकवली होती.

"सारंग, तू खाली जा," सुभेदार मान न वळवता म्हणाला. "बाई, पुढच्या होडीत लांब काहीतरी आहे. शिडी असणार. अजून थोडं आत आले की मी गोळी चालवणार. पहिली पाण्यात, दुसरी माणसात."

"बाई, मला एकदा बघू द्या," सारंग म्हणाला.

कप्तानबाईंनी दुर्बीण दिली. सारंगाने कोपरं खिडकीला टेकवली. पुढच्या होडीत एक म्हातारा उभा राहून कापड हलवत होता. त्याच्या मागच्याच्या हातात लांब बांबू होता, त्याला टोकाशी लोखंडी आकडा. होड्यांवर पक्ष्यांचा थवा घिरट्या घालत होता. मग सारंगाने दुर्बीण होड्यांवरून काढून जहाजाच्या पुढच्या पाण्यावर आणली. तिथे, अर्ध्या मैलावर, पिवळ्या डब्यांची रांगच्या रांग लाटांवर डुलत होती.

"शिडी नाही ती, जाळं ओढायचा आकडा आहे," तो म्हणाला. "जाळी आपल्या वाटेत पसरलीत, बाई. आपण त्यांच्यावरून जाणार म्हणून ते जीव तोडून आडवे येताहेत. माझा बाप असाच यायचा."

"आणि तसं नसलं तर?" सुभेदाराने विचारलं. "माझा एक जोडीदार असाच थांबला होता. आज तो नाही."

जहाजावर शेवटचा शब्द कप्तानाचा, आणि आता तो द्यायची वेळ आली होती.

"सुकाणू डावीकडे," कप्तानबाई म्हणाल्या. "सुभेदार, नुसता इशाऱ्याचा बार आकाशात. गोळी मी सांगेपर्यंत नाही. सारंग, तुमच्यापाशी तीन मिनिटं आहेत."

नारिंगी बार वर गेला. सारंग सज्जाच्या अगदी टोकाला जाऊन उभा राहिला. डोक्यावरचं शिरस्त्राण त्याने काढून ठेवलं, म्हणजे पांढरे केस लांबून दिसतील. मग दोन्ही हात पसरून त्याने लहानपणी बापाच्या नावेवर शिकलेली खूण केली: जाळ्याचं टोक कुठे? पाठीमागे सुभेदार बंदूक रोखून उभा होता आणि समोरून होड्या येत होत्या.

म्हाताऱ्याने कापड खाली टाकलं. इंजिन मंद केलं. मग हात लांब करून जहाजाच्या डावीकडे दाखवलं, दोनदा.

जहाज हळूहळू वळलं, पिवळे डबे बाजूने निघून गेले. सुभेदाराने बंदुकीवरचं बोट काढलं आणि कितीतरी वेळ त्या बोटाकडेच बघत राहिला.

एवढ्यावर होड्या परत फिरायला हव्या होत्या. पण म्हातारा आपली होडी जहाजाच्या बरोबरीने हाकत राहिला आणि ओरडत राहिला. बंदराबंदरांत चालणाऱ्या मोडक्यातोडक्या भाषेत सारंगाने कर्णा लावून विचारलं, "काय झालं, बाबा?"

"पुढे जाऊ नका. दक्षिणेला निळी नाव आहे. नाव आमची आहे, वरची माणसं आमची नाहीत. आमची नऊ जणं खाली कोंडलीत. बारा दिवस झाले."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगणार? आमच्यापाशी वायरलेस नाही. मोठ्या जहाजाजवळ गेलो की बंदूक दिसते."

सारंगाने ते जसंच्या तसं आत सांगितलं. कप्तानबाईंनी जहाज पुन्हा वळवलं, उत्तरेकडे, आणि आरमाराला खबर दिली. आरमाराची बोट साडेचार तासांवर होती. जागेवरून हलू नका असं त्यांना सांगता येत नव्हतं आणि लवकर पोचतो असंही नाही. त्यांनी फक्त कुठल्या वाटेने जायचं ते सांगितलं आणि आम्ही निघालो म्हणाले.

"तुम्ही वरच थांबा," सुभेदार सारंगाला म्हणाला. "तुमच्या डोळ्यांची मला गरज आहे." तो पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाला, ते सारंगाच्या ध्यानात आलं.

दुपारी दीडला मागे, दक्षिणेच्या क्षितिजावर निळा ठिपका दिसला. तो मोठा झाला, आणि त्यातून दोन लहान होड्या सुटल्या. या वेळी दुर्बिणीत सारंगाला जाळं दिसलं नाही, डबे दिसले नाहीत, एकही पक्षी दिसला नाही. दिसली ती आडवी ठेवलेली शिडी आणि तेलाची पिंपं.

"हे तेच," तो म्हणाला.

सुभेदार आणि त्याची तिन्ही माणसं तारांमागे उभी राहिली, बंदुका उंच धरून, लांबून दिसतील अशी. कप्तानबाईंनी जहाज नागमोडी चालवायला घेतलं, बंबांमधून पाण्याचे फवारे सुरू झाले. होड्या जवळ आल्या, मागे रेंगाळल्या, पुन्हा जवळ आल्या. बाईंनी सांगितल्यावर सुभेदाराने एक गोळी पाण्यात झाडली, होड्यांच्या पुष्कळ पुढे. चाळीस मिनिटं हा पाठलाग चालला. मग होड्या वळल्या आणि निळ्या नावेकडे निघून गेल्या.

सारंग खाली बसला. सुभेदाराने त्याच्यापुढे आपल्या हातचा चहा ठेवला. चहा कडू होता, पण सारंगाने थेंबही सोडला नाही.

संध्याकाळी आरमाराकडून निरोप आला. निळी नाव सापडली होती. बोटीला बघताच चाच्यांनी हत्यारं टाकली होती. तळातल्या खोलीतून नऊजणं बाहेर काढली. अशक्त होती, पण नऊच्या नऊ जिवंत होती. कप्तानबाईंनी तो निरोप साऱ्या जहाजावर ऐकू जाईल असा वाचला. आचाऱ्याने रुसवा सोडून सुभेदाराला मिठी मारली, आणि सुभेदार बिचारा हात कुठे ठेवावेत ते न कळून तसाच उभा राहिला.

बंदरात पोचल्यावर कंपनीने चौकशी बैठक बोलावली. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, आरमाराचा एक अधिकारी, कंपनीचे तीन साहेब. एक साहेब म्हणाले, बंदूकवाले होते म्हणून जहाज वाचलं, आता प्रत्येक जहाजावर चारच्या जागी सहा ठेवू. अधिकारी म्हणाला, समुद्र राखणं सरकारचं काम आहे, भाड्याच्या बंदुका वाढल्या तर उद्या कोण कुणावर गोळी झाडेल याचा नेम नाही. दोघंही तावातावाने बोलत होते आणि सारंगाला दोघांचंही पटत होतं, हीच पंचाईत होती.

शेवटी कप्तानबाई म्हणाल्या, "सारंगांना विचारा."

सारंग उभा राहिला. मामेभावाबद्दल सांगायचं त्याने ठरवलं नव्हतं, पण सांगितलं. मग म्हणाला, "साहेब, सुभेदार नसते तर चाचे वर चढले असते. आरमार नसतं तर ती नऊजणं तळाशीच राहिली असती. पण चाचे आहेत हे आम्हाला आधी कुणी सांगितलं? ज्यांना राखायला कुणीच नाही, त्यांनी. आम्ही जवळजवळ त्यांच्यावर गोळी झाडणार होतो. जहाजं कुणी राखावीत हे तुम्ही मोठी माणसं ठरवा. मी म्हणतो, त्या होड्यांना वायरलेस द्या. आणि पहारेकऱ्यांना जाळ्याचे डबे ओळखायला शिकवा."

"कोण शिकवणार?" साहेबांनी विचारलं.

"हे शिकवतील," सुभेदार पाठीमागच्या खुर्चीतून म्हणाला. "पहिला विद्यार्थी मी."

एका बैठकीत काही होत नसतं. पत्रं गेली, परत आली, सह्या राहिल्या. कप्तानबाईंनी मात्र पिच्छा सोडला नाही. आठ महिन्यांनी त्या किनाऱ्यावरच्या साठ होड्यांना वायरलेस मिळाले. कंपनीच्या पहारेकऱ्यांना जहाजावर चढण्यापूर्वी दोन दिवसांची शिकवणी सक्तीची झाली. शिकवायला सारंग जायचा, आणि सोबत मामेभावालाही न्यायचा. भाऊ डाव्या हाताने फळ्यावर होडी काढायचा, जाळं काढायचा, पक्षी काढायचा. पक्षी कोंबडीसारखे दिसायचे. फौजेतून आलेले ते धिप्पाड पुरुष वर्गातल्या मुलांसारखे वहीत उतरवून घ्यायचे. पहिल्या वर्गानंतर त्यातला एकजण भावाजवळ येऊन नुसता उभा राहिला. भावाने त्याच्या हातात फडका दिला आणि म्हणाला, "फळा पुसून टाक, पुढची तुकडी यायचीय."

पुढच्या खेपेला जहाज पुन्हा त्याच पट्ट्यातून गेलं. सकाळची वेळ होती, समुद्र शांत होता. वायरलेस खरखरला आणि एक म्हातारा आवाज मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "मोठं जहाज, जाळी उजवीकडे आहेत. दक्षिणेला सगळं ठीक आहे. जरा डावीकडून जा."

कप्तानबाईंनी सारंगाकडे बघून मान हलवली. त्याने बटण दाबलं.

"जातो, बाबा. मासे कसे आहेत?"

"तू बाजूला हो, मग सांगतो," आवाज म्हणाला.