उजवं पान

अब्बांची व्याख्यानांची वही डावीकडून भरायची. डाव्या पानावर विरोधकाचं म्हणणं, तेही असं मांडलेलं की खुद्द विरोधकाला सुचलं नसतं. मग उजव्या पानावर उत्तर. छत्तीस वर्षं त्यांनी राज्यशास्त्र असंच शिकवलं. शेवटच्या व्याख्यानाचं डावं पान भरलेलं होतं: अमेरिका करारांतून बाहेर पडली, तिनं आंतरराष्ट्रीय संस्था सोडल्या, त्यात चुकलं काय? एकशे नव्वद देशांचं एकमत होईस्तोवर वेळ हातची जाते. ज्याच्यात बळ आहे त्यानं परवानगी कशाला मागावी?

उजवं पान कोरं होतं.

कॉलेजनं ठेवलेल्या अब्बांच्या शोकसभेत ते व्याख्यान मी पुरं करावं, असं रामकिसन काकांनी सुचवलं. काका अब्बांचे सहकारी. दरवर्षी भर वर्गात डाव्या पानाची बाजू घेऊन अब्बांशी भांडायचे. मी हो म्हणाले आणि तीन दिवस एका जागी बसू शकले नाही. पुस्तकांतली उत्तरं मला पाठ होती. पण त्याच वहीत हॉस्पिटलचा एक कागद सापडला होता. डायलिसिस थांबवावं असं त्यावर लिहिलेलं, खाली अब्बांची सही आणि साक्षीदार म्हणून काकांची. त्या तारखेनंतरचे दहा दिवस अब्बा मला पुण्याला फोनवर "बरं चाललंय" एवढंच सांगत होते. मी पोचले तेव्हा त्यांचं बोलणं थांबलं होतं. कागदाबद्दल काकांना मी विचारलं नाही.

सभेला निघाले तरी पान कोरंच. क्रांती चौकात रिक्षा सिग्नलला अडकली, तशी उतरून चालत सुटले.

हॉलमध्ये डावं पान वाचलं. मुलं हसली; शब्द थेट अब्बांचेच होते. मग वही मिटली आणि सांगितलं, की एकट्यानं घेतलेला निर्णय बरोबरही असू शकतो. मोठ्या देशाला पुढचं खरंच दिसत असेल. पण ज्यांना त्या निर्णयासोबत राहायचं असतं, ते तेव्हा खोलीत नसतात. त्यांना तो नंतर कागदावरून कळतो. मग तो देश "सगळं बरं आहे" म्हणाला, तरी ते फोन ठेवून विचार करत बसतात.

काका उठले. मुलांना वाटलं, नेहमीचं सुरू झालं.

"इचारलं असतं तर नायच म्हणाले असते ना सगळे?" ते माझ्याकडं बघत नव्हते. "मग इचारायचं कशाला?"

"नाहीच म्हटलं असतं," मी म्हणाले. "भांडण झालं असतं. चारदा बैठक मोडली असती."

"आन् मग?"

"मग कदाचित हो म्हटलं असतं. सही करताना शेजारी तरी बसता आलं असतं."

पुढच्या रांगेतली मुलं लिहून घेत होती. एरवी काका लगेच दुसरा आक्षेप काढत. आज त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडं बोट केलं.

"लिही ते तिथं, उजव्या पानावर," ते म्हणाले, आणि बसले.