रंगरावांच्या फटफटीतला गोरा सोजीर

मुलांनो, घटकाभर माझ्यासोबत शेलूबाजारजवळच्या एका गावी चला. मोठी लढाई नुकतीच संपली आहे, असं समजा. शनिवार आहे. मारुतीच्या पारापाशी सारं गाव लोटलंय आणि मधोमध एक फटफटी उभी आहे, नवरदेवासारखी हार घालून. खाली दगड लावून तिचं पुढचं चाक अधांतरी केलंय. गावचे मांत्रिक नथ्थूमहाराज ते चाक गरकन फिरवतात आणि गरजतात, "दाब रे रंगराव, बिरेक!"

रंगराव मुठीजवळचा दांडा दाबतात. चाक फिरतंच राहतं.

"पाहा! आत गोरा सोजीर बसला हाये! लढाईत मेला, पण गाडी नाई सोडून राह्यला!"

बायांनी तोंडाला पदर लावले. पटापट नारळ फुटले.

रंगराव वांगी-मिरचीचे बागाईतदार. फटफटी त्यांनी मिलिटरीच्या लिलावात घेतली होती. मागचा ब्रेक तेव्हापासूनच अर्धमेला होता. सारा भार पुढच्यावर. गाडी आली त्या दिवशी महाराजांनी तिला शेंदूर फासला आणि चाकाच्या बेंबीत, म्हणजे मधल्या गोल डबीत, एरंडाचं तेल ओतलं. मग सोजीर थंड व्हावा म्हणून दर शनिवारी तेल. पण तो दर शनिवारी जास्तच तापायचा. विलायतेच्या शिपायाच्या भुताला एरंडेल कसं काय मानवलं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

गेल्या बाजारी गाडी थांबेना, ती थेट जिजाबाईच्या वांग्यांच्या ढिगात घुसली. आज महाराजांना त्याचं कारणही सापडलं.

"मागं पोरगी बसते ना शाळेत जाताना? तिची सावली पडते सोजीरावर. घरी बसव तिले!"

सगळ्यांनी रंगरावांच्या लेकीकडे, अंजनाकडे पाहिलं. रंगरावांनी मान खाली घातली. शाळा दूर, पायी जाणं होईना. म्हणजे शाळा सुटलीच.

दुसऱ्या सकाळी अंजनाच्या मायनं तिच्या केसांना, हातापायांना तेल चोपडलं आणि पाण्याला पाठवलं. विहिरीवर तिच्या हातून दोर सरकला, बादली धाडकन खाली.

"धरता नाई येत काय वं?" माय ओरडली.

"हाताले तेल हाये ना, माय! दोर धरतच नाई..." आणि अंजना बोलता बोलता थांबली. मग धावत सुटली.

"बाबा, बिरेक उघडा!"

"आपल्याले कुठं येते, पोरी?"

"नाई येत, म्हणूनच हळू उघडू. जे काढू ते पोत्यावर ओळीनं मांडू. मंग उलट्या ओळीनं बसवू."

तार सैल केली, चाक काढलं, बेंबीचं झाकण उचकटलं. आत अर्ध्या चंद्रासारखे दोन तुकडे आणि त्यांच्या पाठीवर पट्ट्या. दांडा दाबला की या पट्ट्या आतून चाकाला घासायच्या आणि त्याला धरायच्या. पण त्या तर शेंदूर-तेलाच्या रबडीत न्हाल्या होत्या! बापलेकीनं चुलीपासून दूर बसून त्या पेट्रोलनं धुतल्या, उन्हात वाळवल्या, काचकागदानं घासल्या. पहिल्यांदा बसवलं तेव्हा तार इतकी ओढली गेली की चाक हलेच ना. पुन्हा उघडलं. पुन्हा बसवलं.

पुढच्या शनिवारी पारावर चाक फिरलं. अंजनानं दांडा दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

महाराज टाळी वाजवून ओरडले, "पळाला! माह्या मंत्रानं पळाला सोजीर!"

"पळाला? थांबा, बलावते त्याले," म्हणत अंजनानं त्यांच्या हातातली तेलाची कुपी घेतली आणि सगळी बेंबीत रिकामी केली. चाक जरा फिरू दिलं, मग दांडा दाबला. चाक आपलं फिरतंच!

"आला पाहा. कुपीतच राह्यते तो!"

"म्हंजे माह्यी वांगी सोजीरानं नाई, ह्या महाराजानं चेंदली!" जिजाबाई कडाडली. सारा पार खदाखदा हसला.

मुलांनो, कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी त्याच हातांनी झाकण उघडून पाहा. आधी काय केलं आणि मग काय झालं, एवढं विचारलं तरी पुष्कळ भुतं पळतात. कुठलं काम येत नसेल तर सावकाश शिकता येतं. विचार गहाण टाकला, तर मात्र उद्या कोणाच्या तरी सावलीलाही दोष लागतो.

महाराज धोतर सावरत मागच्या मागे सटकू लागले. अंजनानं त्यांच्यापुढे पोतं अंथरलं आणि पाना त्यांच्या हातात दिला.

"बसा महाराज. आता पट्ट्या तुमी पुसा. सोमवारी मले शाळेत जायचं हाये."