पाऊल पुढे पडलं तेव्हा

खाकी सदऱ्याच्या बटणाला चार भोकं, आणि चौथ्यातून सुई निघेना… शेवंताबाईने ती दातांनी ओढली आणि सकाळपासून शंभरदा विचारलेलं पुन्हा मनाशी विचारलं – पण का? तिचा नवरा अभिमन आज ब्रह्मदेशाच्या लढाईवर परत निघणार होता, आणि रजा संपता संपता काल त्याने पोटातलं ओठावर आणलं होतं. पावसाळा सरला की नदीवरचा एक पूल उडवायचा. जाणारा परत येईल असं धरू नका, साहेबाने सरळच सांगितलं. ज्याची मर्जी असेल त्याने एक पाऊल पुढे यावं. अभिमन पुढे आला. कामावर हजर होईपर्यंत नाव मागे घ्यायची मुभा होती, एवढाच काय तो आधार.

“काय वाटनं तुमले, तव्हय?” तिने विचारलं होतं.

“काहीच नही. पाय पुढे पडी गया, मी मांगेच व्हतू.” मग जरा थांबून, “माले वाटनं, तोताराम सरकना.”

तोताराम म्हणजे रांगेतला शेजारी, इकडचाच, चोपड्याचा. तो सरकला असं वाटून हा सरकला, आणि तो मागाहून काय म्हणाला, तर तू हललास म्हणून मी! तिला हसू आलं आणि डोळेही भरले. देशासाठी म्हणावं तर राज्य गोऱ्याचं. शूर म्हणावा तर हा पालीला भितो… आणि तरी हे पहिल्यांदाच का होत होतं?

लग्नाआधी तिच्या माहेरी विहीर खोदत होते, अभिमन त्या मजुरांत होता, ती दगडांच्या पाट्या वाहत होती. सुरुंगाची वात पेटवली आणि सुरुंग उडालाच नाही. अशा वेळी खाली उतरून बघ असं कुणी कुणाला सांगत नाही. जो पागोटं काढून काठावर ठेवतो तो उतरतो, अशी रीत. अभिमनने पागोटं काढलं ते घाम पुसायला – तिने पाहिलं ना, कपाळ पुसलं त्याने! – आणि काठावर ठेवलं. कुणीतरी दोर पुढे केला. घाम पुसत होतो, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? तो मुकाट्याने उतरला. बरं, तो नाही बोलला; पण मी? मला तर ठाऊक होतं. मी पाटी धरून उभी राहिले, आणि खरं सांगायचं तर तेव्हा माझा ऊर भरून आला होता, करायचा तर हाच नवरा करायचा, असं वाटलं होतं…

दिवस कलला, गाडी जुंपली. अंगणात गाव लोटलं होतं. तिने ताट घेतलं, आणि तो ओवाळून घ्यायला वाकला तेव्हा तिलाच ऐकू जाईल असं पुटपुटला, “नाव मांगे लेऊ का? तू सांग.”

हो. हो तर होतंच, कालपासून तयार होतं, जिभेवर होतं. पण सगळी माणसं बघत होती, सासू कौतुकाने बघत होती, आणि कुंकवाने भरलेला तिचा अंगठा वर गेला आणि त्याच्या कपाळावर टेकला. त्याने मान डोलावली. उत्तर मिळाल्यासारखी.

गाडी वेशीकडे वळत होती. अजून धावत जाता आलं असतं. लोक काय म्हणतील, हे तिच्या मनात आधी आलं. तो मरेल, हे त्यानंतर. कोणतं आधी आलं ते तिला स्पष्ट कळलं होतं, आणि स्वतःचंच नवल करत ती ताट धरून तिथेच उभी होती.