उताराला पाय पुढे

मी डोली. नवरीची सजवलेली नव्हे हं, डोंगरावरच्या आजाऱ्याला खाली आणणारी, महाडच्या दवाखान्याची डोली. एक लांब कळक, म्हणजे जाड बांबू, त्याला टांगलेली काथ्याची झोळी आणि वर एक घोंगडी, एवढाच माझा संसार. पण ज्या बाईच्या हाताखाली मी राबले, तिचं नाव निघालं की मला माझाच कळक देवळाच्या खांबाएवढा वाटायला लागतो.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला कळकाचं बेट होतं, तिथला माझा जन्म. कोंडाजी बुरुडानं मला तोडलं, जाळावर शेकून सरळ केलं आणि दवाखान्यात पोचवलं. तिथं थोरल्या नर्सबाई होत्या गोदूबाई. ठेंगणी, अंगानं भरलेली, आवाज असा की ओसरीवर बोलली तर विहिरीवरची बाई वळून बघेल. मला पाहिल्याबरोबर काय केलंन्? स्वतः झोळीत बसली आणि म्हणाली, "ही गाठ टोचते. आजाऱ्यानं आजार सोसायचा की तुझी गाठ?" कोंडाजीनं मुकाट गाठ फिरवली.

दवाखान्यातल्या आया-दायांवर तिची माया फार. रागे भरायची, पण आपल्या आधी त्यांना जेवायला बसवायची. त्यांतली बयाबाई म्हणजे तिचा उजवा हात. साथीच्या दिवसांत बयाबाईनं रोग्यांची उस्तवार केली आणि शेवटी स्वतःच खोकत डोंगरावर भावाकडं गेली. पुढं निरोप आला, छाती भरलीय, बया काही वाचत नाय.

गोदूबाईनं मला भिंतीवरून काढवलं. पोलादपूरपर्यंत बैलगाडी, पुढं पायी चढण. धापा टाकत, पदर खोचून ती वाडीवर पोचली. बयाबाईला पाहून म्हणाली, "रडायचं नंतर. आधी हिला खाली नेऊ."

तिकडची रीत अशी की वाडीचा आजारी वाडीच्याच माणसांनी न्यायचा. पुढं बयाबाईचा भाऊ चांगू, मागं वाडीतलाच मुरारी. आणि डोकं पुढं ठेवून न्यायचं, कारण पाय पुढं करून नेतात ते मढं. सपाटीवर ठीक होतं हो. पण उतार लागला तशी माझी पुढची बाजू खाली गेली, बयाबाईचं डोकं खाली आलं आणि तिला श्वास घेता येईना. ओठ निळे पडले.

"ठेवा खाली!" गोदूबाई ओरडली. "फिरवा डोली. पाय पुढं करा."

म्हातारा सोनबा गावकीचा म्होरक्या. तो काठी आपटून आडवा आला. "बाई, जित्या माणसाला मढ्यावानी नेताव? ह्या वाडीत आसं कदी झालं नाय."

"डोकं खाली राहिलं तर मढंच न्याल, सोनबा."

चांगू रडवेला झाला. "माझ्या हातानं मी भैनीला तशी कशी नेऊ?"

कोणी हलेना. घटकाभर वेळ गेला असता तर माझ्या झोळीतच बयाबाईचा जीव गेला असता. मग गोदूबाईनं तिला उचलून भावजयीच्या, आवडीच्या छातीला टेकून बसवलं. आणि बघता बघता स्वतः माझ्यात आडवी झाली.

"उचला मला. पाय पुढं करून. त्या वळणापर्यंत न्या आणि परत आणा. अपशकून काय तो माझ्या अंगावर."

दोघांनी उचललं. मी करकरले! मुरारी म्हणाला, "देवा, लई जड हाय गो!"

झोळीतून आवाज आला, "मेल्या, मढं कधी असं ऐकून घेतं का? नीट चाल!"

आवडी तसल्या वेळीही फिसकन हसली. वळण झालं, डोली परत आली, बाई ठणठणीत उतरली. सोनबा वाटेतून बाजूला झाला. चांगूनंच बहिणीला झोळीत ठेवलं, पाय पुढं, पाठीशी घोंगडीची गुंडाळी. गोदूबाई उशाशी हात धरून चालत होती. उतारावर आता डोकं वर राहिलं, श्वास नीट चालू लागला. खाली सावित्री नदीचं पाणी चमकलं तेव्हा बयाबाईनं डोळे उघडले, म्हणाली, "बाई, पुढची वाट दिसतीय मला."

तिला उभं राहायला बरेच दिवस लागले. गोदूबाई तिला पेज भरवायची आणि वर ओरडायची, "लवकर ऊठ गो, तुझी कामं माझ्या अंगावर पडलीत!" ती उठली, कामाला लागली.

पुढं गोदूबाईचा दवाखान्याच्या अंगणात सत्कार झाला. डॉक्टर बोलले, सावकार बोलले. मागं उभा असलेला सोनबा काठी टेकत पुढं आला. म्हणाला, "मला भाषाण येत नाय. बाईनी आमची रीत मोडली. रीत मोडली तर नवी घालता येती. बया गेली आसती, तर ती कुठनं आणली आसती?" बयाबाई गोदूबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आता माझा कळक तडा जाऊन उललाय, नवी डोली आलीय. मी ओसरीला टांगलेली असते. येता-जाता कोणी हात लावला तर एवढंच सांगते, बाबांनो, चढाला डोकं पुढं, उताराला पाय पुढं. आणि कोणी विचारलंच ही रीत कुणाची, तर मान ताठ ठेवून सांगा, आमच्या गोदूबाईची.