बियाचा दोडका

उकंडानं दोडका तळहातावर तोलला, देठाशी अंगठा फिरवला आणि खिशातली लाल चिंधी काढून सैलसर गाठ मारली. वितीएवढा, सरळ, अजून कोवळा होता. वेलावर दुसरा नव्हता. बाकीची फुलं उन्हानं गळली होती. रंगाच्या रिकाम्या बादलीतली माती एवढंच देऊ शकली.

यवतमाळच्या त्या इमारतीच्या गच्चीवर आठ बिऱ्हाडं मिळून भाजी लावत. शेत कोळशाच्या खाणीत गेल्यावर उकंडा मुलाच्या फ्लॅटवर राहायला आला, तेव्हा त्याच्या पिशवीत पाच बिया होत्या. बायकोनं, सत्यभामेनं, लग्नात माहेराहून आणलेलं ते बी. ती होती तोवर दरवर्षी पेरलं गेलं, पहिला दोडका बियासाठी राखला गेला, ती गेल्यावरही त्यानं मोडू दिलं नाही. पाचांतली एकच उगवली. आता हा दोडका वेलावरच वाळून खुळखुळला, तर बी राहणार होतं. नाहीतर संपलं.

दुसऱ्या दिवशी तो साळ्याच्या तेरवीला पांढरकवड्याकडे गेला. चार दिवसांनी परतला तो घरात न शिरता थेट गच्चीवर चढला. देठ कात्रीनं कापलेला होता.

विमलताई पालकाला पाणी घालत होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. गच्चीचा कारभार त्याच पाहत. त्यांनी हसून सांगितलं, रविवारी खालच्या मजल्यावरच्या दीनानाथांची पाळी होती, त्यांनी नेला. गच्चीवरचा पहिलाच दोडका म्हणून सगळ्यांनी फोटोही काढले.

उकंडानं कापलेल्या देठावर बोट ठेवलं.

"बाई, त्याले चिंधी होती ना."

"होती म्हणून तर तोडला, काकाजी. तुम्हीच बांधली ना?"

"बियाले ठेवला होता मी. आमच्या गावी चिंधी बांधली का कोणी हात लावत नाही."

विमलताईंच्या हातातली झारी तिरपीच राहिली. पाणी सांडत होतं. त्यांनी जिन्याच्या दाराकडे पाहिलं. दारावर चिकटवलेला कागद उकंडा रोज पाहत होता. टाकी धुण्याची तारीख असेल, असं त्याला वाटे. विमलताईंनी तो वाचून दाखवला. तोडायला झालेल्या भाजीला चिंधी बांधावी. ज्यांची पाळी, त्यांनी न्यावी.

"मले वाचता येत नाही, बाई."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"बोलाचं काय त्यात."

बिया उरल्या असतील का, हे विचारायला त्या स्वतः खाली गेल्या. आल्या तेव्हा हातात वाटी होती. दोडका अगदीच कोवळा होता, आत बी धरलंच नव्हतं. सगळा भाजीत गेला. शिरांची तीळ घालून चटणी केली, ती दीनानाथांच्या बायकोनं, शीलानं काकाजींसाठी राखून ठेवली होती. दुकानातून चांगल्या बियाचं पाकीट आणून देते, असंही विमलताई म्हणाल्या. उकंडानं नको म्हणून मान हलवली.

वाटी परत करणं त्याला जमलं नाही. टाकीच्या सावलीत बसून त्यानं चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली. विमलताई उभ्याच होत्या.

"बरी झाली का?"

त्यानं अजून एक चिमूट घेतली.

"बेचाळीस वर्षं झाले, पहिला दोडका आमच्या घरी कोणी खाल्ला नाही," तो म्हणाला. "आमच्या बुढीनंबी नाही. एवढा गोड असते, मालूमच नव्हतं."

मग बोटानं पुसून त्यानं वाटी रिकामी केली आणि धुवायला खाली घेऊन गेला.